सुटलेला टाका

इंगेब्योर्ग घरी साखर पिकवते, असं शेजारणींना वाटतं.
खरं तर प्रयोगशाळेच्या खिडकीत बरणी, बरणीत पाणी,
पाण्यात थायमिन: चार अक्षरांतलं एक.
बाकीची तिन्ही कपाटात, झाकणं घट्ट लावून.
लिफ्टचा हादरा पोचू नये
म्हणून बरणीखाली तिने जुना स्वेटर घातलाय.
तीन आठवड्यांनी तळाशी
तांदळाच्या कणीएवढा स्फटिक.

ऑस्लोत दुपारी तीनलाच दिवस आटोपतो.
आत, नळीत, उणे दोनशे त्रेसष्ट.
"बाहेर उन्हाळाच आहे म्हणायचा," ती म्हणते.
नवा विद्यार्थी हसतो. त्याचं नाव शूर.
त्यांच्याकडे असतं असं नाव, अर्थ आपला नाही,
आणि हेलियम फुसकारला की तो दोन पावलं मागे.

मग क्ष-किरण.
आवाज नाही, वास नाही.
लाल दिवा लागतो, विझतो.
स्फटिक होता तसाच,
फार तर किंचित पिवळट, जुन्या दातासारखा.

पण आत कुणाची तरी जोडी मोडली आहे.
भरल्या ताटावरून उठवावं
तसा एक इलेक्ट्रॉन उठवला गेला.
मागे त्याचा पाट रिकामा,
आणि तो चार घरं पलीकडे
परक्या ओसरीवर अंग चोरून.
एकटा जीव सदाशिव, म्हणाल तुम्ही.
छे! एकट्यामुळे सगळी आळी जागी राहते.
इकडचा हायड्रोजन तिकडे,
तिकडचं बिऱ्हाड आणखी कुठे,
कुणाचं तरी देणं कुणाच्या तरी दारात.
एवढ्या थंडीत मात्र
सगळे पाय आखडून जागच्या जागी.

"आता तापव," इंगेब्योर्ग म्हणते. "हळू.
आजाऱ्याला उठवून बसवतात तसं."

पडद्यावर आधी नुसता गाळ.
एक तास गाळ. कॉफी निवते.
मग त्यातून रेघा उभ्या राहू लागतात. आठ.
शूर पट्टी लावून उंची मोजतो:
एक, तीन, पाच, सात,
सात, पाच, तीन, एक.
तो पुन्हा मोजतो.
इंगेब्योर्ग पिशवीतून अर्धा विणलेला हातमोजा काढते,
पांढऱ्यावर काळी नक्षी:
एक टाका, तीन, पाच, सात,
सात, पाच, तीन, एक.
"आईने शिकवलं," ती म्हणते.
"तिला थायमिन ठाऊक नव्हतं.
मला चाळीस वर्षं दोन्ही ठाऊक आहेत,
आणि संबंध काहीच नाही."

"आणि आपल्यात?" शूर विचारतो.
"हाडामांसात दिसतील या रेघा?"

ती खण उघडते. गेल्या हिवाळ्यातला एक स्फटिक,
कागदात गुंडाळलेला, तारीख पेन्सिलीने.
चुंबकात ठेवते. आठही रेघा हजर,
थोड्या खुज्या, पण एकटेपण शाबूत.
मग चिमट्याने उचलून
तो पाण्याच्या चंचुपात्रात सोडते.
विरघळला. ते पाणी बारीक नळीत भरून
पुन्हा चुंबकात.
पडद्यावर सरळ रेघ, ओसाड.

"आपण ओले आहोत," ती म्हणते.
"आपल्यात कुणाला एवढं थांबायला मिळतं?"

म्हणजे होतं ते होतच असतं.
तिच्या तळघरात खडकातून रेडॉन झिरपतो,
शूरने खाल्लेल्या केळ्यात पोटॅशियम,
आणि आतल्या आत, ओल्यात,
कुणी उठवला जातो, कुणी बसवला जातो,
कुणी चुकीच्या घरी कायमचा राहतो.
बहुतेक वेळा कुणीतरी येऊन नीट करून जातं.
बहुतेक वेळा.

संध्याकाळी ट्राममध्ये तिला दिसतं:
अंगठ्यापाशी पाच ओळी खाली टाका सुटलाय,
आणि त्याच्यावर शिडीच्या पायऱ्यांसारखे
रिकामे आडवे धागे.
ती आकडा काढते.
एक पायरी वर घेते, दुसरी घेते,
तिसरीला ट्राम हिसका देते.
तिचा थांबा मागे पडतो.
ती मान वर करत नाही.